पुढे एक कंपनी, मागे दुसरी: ट्रॅकवर निघालेल्या एका पोलोचं प्रकरण

गाडी 2018 ची फोक्सवागन पोलो जीटी टीएसआय. टायरचा आकार 195/55 आर 16. रोजची धाव गंगापूर रोड ते अंबड एमआयडीसी. मालकाने कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर जानेवारी 2025 मध्ये होणाऱ्या ट्रॅक डेसाठी, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवायच्या दिवसासाठी, नाव नोंदवलं होतं. पुढच्या चाकांना नुकतेच घेतलेले एका कंपनीचे स्पोर्टी टायर, मागे दुसऱ्या कंपनीचे जुने टूरिंग, म्हणजे आराम आणि टिकाऊपणा पाहून बनवलेले टायर. हातात तीन आठवडे. गाडी अशीच नेली तर चालेल का, आणि चालणार नसेल तर कमीत कमी खर्चात काय करायचं, एवढा प्रश्न होता.

प्रकरण प्रातिनिधिक आहे. नाशिकच्या टायर दुकानांत नेहमी दिसणारी जोडी एका गाडीवर घेतली आहे, आणि मापं या आकाराच्या टायरला साजेशी धरली आहेत. कंपन्यांची नावं मुद्दाम टाळली आहेत, कारण दोष कोणत्याही कंपनीचा नाही. मागच्या टायरला ‘अ’ म्हणू, पुढच्याला ‘ब’.

उत्तर आधीच सांगतो: अशी गाडी ट्रॅकवर नेऊ नये. कंपन्या दोन आहेत म्हणून नव्हे. जास्त पकडीची जोडी पुढे आणि कमी पकडीची मागे बसली आहे म्हणून.

ही जोडी जमली कशी

पोलो पुढच्या चाकांवर चालते, त्यामुळे पुढचे टायर आधी संपतात. 38,000 किलोमीटरला पुढचे दोन्ही नक्षी झिजून गोटे झाले, मागचे निम्म्याहून जास्त शिल्लक होते. मुंबई नाक्याजवळच्या दुकानात जो संवाद होतो तो नाशिककरांना पाठ असेल.

“शेठ, गाडी पुढून ओढते. नवे टायर पुढंच टाका, मागचे नुसते फिरतात.”

“मागचे चालतील ना भाऊ अजून?”

“दोन वर्षं बघायला नको.”

दुकानदार चुकीचं बोलतोय असं नाही. द्वारकेच्या सिग्नलवरून गाडी उचलताना, पाथर्डी फाट्याच्या खड्ड्यांतून काढताना, चाळीसच्या वेगात ब्रेक मारताना कामाला येतात ते पुढचेच टायर. त्या वापरात मागचे खरंच फिरतात फक्त. पण नव्वदच्या वेगात, स्टिअरिंग वळलेलं असताना, गाडीची शेपूट जागेवर धरून ठेवायला मागच्या दोन टायरांशिवाय काहीच नसतं. ट्रॅकवर गाडी बहुतेक वेळ याच अवस्थेत असते.

टायरच्या अंगावर काय लिहिलंय

पहिलं काम हवा भरण्याचं नाही, वाचायचं. मागच्या ‘अ’ वर 87व्ही आहे. 87 म्हणजे एका टायरला 545 किलो भार, व्ही म्हणजे ताशी 240 किलोमीटरची मर्यादा. पुढच्या ‘ब’ वर 91व्ही एक्सएल आहे: 615 किलो, आणि सांगाडा जास्त दाब सहन करणारा. आकार तोच, वेगमर्यादा तीच, पण एक्सएलच्या भिंती सहसा जास्त ताठ असतात. बिलावर दोन्ही ‘195/55 आर 16’च दिसतात, म्हणून हा फरक कुणाच्या लक्षात येत नाही.

तारखेचा चार आकडी शिक्का पाहा. ‘अ’ वर 2120, म्हणजे 2020 सालचा एकविसावा आठवडा. ‘ब’ वर 3824. म्हणजे दोन जोड्यांत चार वर्षांहून जास्त अंतर. नक्षीची खोली आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशी तीन ठिकाणी मोजायची. एकाच ठिकाणी मोजली तर फसगत होते. मागे सरासरी 4.4 मिमी, पुढे 7.6. रस्त्यावरची कायदेशीर किमान खोली 1.6 मिमी, तेव्हा मागचे टायर पूर्ण वैध आहेत. ट्रॅकसाठी ही कसोटी पुरेशी नाही, एवढंच.

सगळ्यांत बोलकं माप निघतं ड्युरोमीटरने. शोर ए मापाचं हे छोटं घड्याळ रबरावर दाबलं की कडकपणा कळतो. गाडी रात्रभर सावलीत उभी राहू द्यायची, सकाळी चारही टायरांच्या गोट्यांवर (नक्षीतल्या रबराच्या ठोकळ्यांवर), भेगा टाळून, प्रत्येकी पाच ठिकाणी दाबायचं आणि सरासरी काढायची. इथे पुढे 63 येतात, मागे 74. सूर्य, ओझोन आणि वय यांनी रबर कडक होतं. गाडी उन्हात उभी राहत असेल तर लवकर होतं. अकरा अंकांचा फरक मोठा आहे. एकाच गाडीवर पुढच्या-मागच्या जोडीत तीन-चार अंकांपर्यंत फरक असेल तर तो हवेने सांभाळता येतो. त्यापुढे हवा पुरी पडत नाही.

ट्रेडवेअरचा आकडाही (जितका मोठा तितका टायर जास्त टिकाऊ) लोक मोठ्या विश्वासाने वाचतात: ‘अ’ वर 420, ‘ब’ वर 300. तो आकडा ज्या त्या कंपनीने स्वतःच्या चाचणीवरून दिलेला असतो. एकाच कंपनीच्या दोन टायरांत तुलना करायला ठीक. दोन कंपन्यांत तुलना करून पकडीचा निष्कर्ष काढू नये. एकाच कंपनीचा टूरिंग आणि स्पोर्टी टायर यांच्यात जेवढा फरक असतो, तेवढा दोन वेगळ्या कंपन्यांच्या टूरिंग टायरांत बहुधा नसतो. म्हणून ‘चारही एकाच कंपनीचे आहेत’ हे समाधान तेवढ्यावर खोटं ठरू शकतं.

वळणातला हिशेब

इथे थोडं थांबून आकडे मांडू या, कारण वादाचा निकाल इथेच लागतो. गाडी आणि चालक मिळून 1,185 किलो धरू. त्यातले पुढच्या अॅक्सलवर 735, मागच्यावर 450. पकड म्हणजे टायर स्वतःवरच्या भाराच्या किती पट जोर देतो तो आकडा. ताज्या ‘ब’ ची पकड 1.05 आणि कडक झालेल्या ‘अ’ ची 0.90 धरू. एकसारखे चार टायर असते तर सगळीकडे 0.95.

साध्या, स्थिर वेगाच्या वळणात वजनाची वाटणी हिशेबातून निघून जाते. पुढची बाजू 1.05 जी पर्यंत धरते (1 जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा ओढा), मागची 0.90 जी ला सुटते. मागे वजन कमी आहे म्हणून मागे कमी पकड पुरते, हा युक्तिवाद इथेच पडतो: वजन कमी असेल तर तेवढ्याच प्रमाणात टायरवरचा दाबही कमी असतो.

आता वळणात शिरताना हलका ब्रेक पायाखाली ठेवला, वेग 0.3 जी ने कमी होतोय. पोलोचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) साधारण 2.47 मीटर, वजनाचा मध्य जमिनीपासून 54 सेंटीमीटरवर धरला तर सुमारे 78 किलो भार मागून पुढे जातो. मागे उरले 372, पुढे झाले 813. पण मागच्या अॅक्सलला वळणात ओढून धरायचं वस्तुमान मात्र 450 किलोच राहिलं. पुढच्या टायरांचा थोडा जोर ब्रेकमध्ये जातो. तो 300 किलो धरू.

एकसारखे चार टायर असतील तर मागची बाजू 0.79 जी ला सुटते, पुढची 0.97 ला. म्हणजे ब्रेकखाली चांगल्या गाडीचीही शेपूट हलकीच असते. पुढे ‘ब’, मागे ‘अ’ असेल तर मागची 0.74 आणि पुढची 1.09. दरी जवळजवळ दुप्पट झाली. आणि उलट लावलं, पुढे ‘अ’ आणि मागे ‘ब’, तर मागची 0.87, पुढची 0.91. दोन्ही बाजू जवळपास एकत्र सुटतात. तेच चार टायर, तीच गाडी, फक्त जागा बदलली.

चालकाला हे कसं जाणवतं? पुढे ताज्या टायरांमुळे स्टिअरिंग छान चावतं, तोंड लगेच वळतं, गाडी आपल्या हातात आहे असं वाटतं. त्या भरवशावर तो वेग वाढवतो. वळणाच्या मध्यात मन कचरतं, पाय अॅक्सिलरेटरवरून सुटतो. इंजिन पुढच्या चाकांना मागे ओढतं, भार पुढे जातो, पुढच्या टायरांवरचा गाडी ओढण्याचा ताण संपून बहुतेक पकड वळण्याला मिळते, आणि मागचे टायर त्याच क्षणी हलके होतात. शेपूट फिरते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत नवशिक्याचा पहिला स्पिन बहुधा असाच होतो, आणि तो पाय काढल्यामुळे होतो, जोरात चालवल्यामुळे नव्हे.

भिंतींचा ताठपणाही यात भर घालतो. टायर ज्या दिशेला तोंड करून आहे आणि प्रत्यक्षात ज्या दिशेला जातोय, त्यांच्यातला कोन म्हणजे स्लिप अँगल. ताठ भिंतीचा टायर थोड्या कोनात आणि लवकर जोर देतो. मऊ भिंतीच्या टायरला जास्त कोन आणि थोडा वेळ लागतो. पुढे ताठ आणि मागे मऊ असेल तर तोंड वळल्यावर शेपूट उशिरा बसते. डावं-उजवं अशा जोड वळणांत हा उशीर पहिल्या वळणाचा दुसऱ्यात येऊन मिळतो.

गरम होण्याचा वेग

वरचा हिशेब पकड स्थिर धरून केला. प्रत्यक्षात ती तापमानाप्रमाणे बदलते, आणि मिश्र टायरांचा खरा धोका तिथे आहे.

पुढचे टायर ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा मोठा वाटा उचलतात, म्हणून ते लवकर तापतात. त्यात ‘ब’ चं मऊ रबर कमी तापमानालाच चिकट होतं. मागे कडक ‘अ’, अंगावर काम कमी, त्यामुळे तो दुसऱ्या-तिसऱ्या लॅपपर्यंत (ट्रॅकच्या फेरीपर्यंत) गार असतो. म्हणजे दोन जोड्यांतली दरी पहिल्या दोन लॅपमध्ये सगळ्यांत रुंद. पाचव्या-सहाव्या लॅपला उलटं होतं: ‘ब’ जास्त तापून तुपकट होतो, मागचा ‘अ’ एकदाचा कामाला लागलेला असतो, आणि आता गाडीचं तोंड वळेनासं होतं. चालक याच अवस्थेची सवय लावून घेतो. आत शिरताना जास्त ब्रेक, जास्त स्टिअरिंग. मग सत्र संपतं, चाळीस मिनिटं गाडी उभी राहते, टायर गार होतात. पुढच्या सत्राच्या पहिल्या लॅपला तो सहाव्या लॅपची गाडी चालवायला जातो, आणि खाली पहिल्या लॅपची गाडी असते.

चार एकसारखे टायरही तापताना बदलतात. पण ते एकाच दिशेने बदलतात, म्हणून चालक त्यांच्याबरोबर शिकत जातो.

पर्याय

फुकटचा पर्याय अदलाबदलीचा: ‘ब’ मागे, ‘अ’ पुढे. आकड्यांनी तो चांगला दिसतो आणि सुरक्षितही आहे. किंमत अशी की ब्रेकचं अंतर वाढतं, तोंड सुस्त होतं, आणि पावणेपाच वर्षांचा टूरिंग टायर पुढे राबला की त्याचा बाहेरचा खांदा दिवसभरात झिजून गोल होतो, कधी रबराचे तुकडे सुटतात. पैसे नसतील तर हाच करावा, सत्रं छोटी ठेवावी आणि परतल्यावर ते दोन टायर निकाली काढायची तयारी ठेवावी. परतीचे चौदाशे किलोमीटरही त्याच टायरांवर काढायचे आहेत, हे विसरू नये.

दुसरा पर्याय, चार नवे चिकट टायर, दोनशे ट्रेडवेअरच्या वर्गातले. या आकारात आपल्याकडे निवड तोकडी, किंमत जास्त, आणि पहिल्याच ट्रॅक डेला त्यांचा फायदा घेण्याइतका हात बसलेला नसतो. शिवाय असे टायर सुटताना फारशी पूर्वसूचना देत नाहीत. टूरिंग किंवा स्पोर्टी रस्ता-टायर आधी किंचाळतो, मग सरकतो. शिकणाऱ्याला ती किंचाळी हवी असते.

तिसरा आणि इथे निवडलेला पर्याय: ‘ब’ चेच आणखी दोन घ्यायचे. या आकाराचा चांगला टायर तेव्हा आठ ते अकरा हजारांत मिळत होता, म्हणजे खर्च वीस हजारांच्या आसपास. घेताना नाव सारखं आहे एवढ्यावर थांबायचं नाही. भाराचा आकडा 91, वेगाचं अक्षर व्ही, एक्सएल शिक्का आणि नक्षी, चारही जुळायला हवेत. एकाच नावाखाली एक्सएल आणि साधा असे दोन्ही प्रकार विकले जातात, आणि दुकानदार सहज दुसरा देऊन मोकळा होतो. नव्या जोडीची तारीख 4424 निघाली, म्हणजे आधीच्या जोडीपासून सहा आठवड्यांचं अंतर. उत्तम.

नवी जोडी मागे, तीन महिने चाललेली पुढे. याचं आणखी एक कारण आहे. पूर्ण आठ मिलिमीटर नक्षीच्या उंच गोट्या ट्रॅकवर वाकतात आणि लवकर तापतात. मागे काम कमी असतं, तिथे त्या तग धरतात. साच्यातून निघालेल्या टायरवर सुरुवातीला एक निसरडा थर असतो. तो जायला दीड-दोनशे किलोमीटर शांत चालवावं लागतं. इथे नाशिक, पुणे, बेंगळुरू, कोइम्बतूर असा साधारण चौदाशे किलोमीटरचा प्रवासच ते काम करतो. मुद्दाम समृद्धीवर जाऊन टायर ‘मोकळे’ करायची गरज नाही, आणि रस्त्यावर पकडीची चाचणी तर अजिबात घ्यायची नाही.

एक स्थिती मात्र कुठल्याही पर्यायात बसत नाही: एकाच अॅक्सलवर डावीकडे एक टायर, उजवीकडे दुसरा. महामार्गावर खड्ड्यात आपटून साइडवॉलला फुगा येतो, दुकानात तोच टायर नसतो, आणि ‘आत्ता हा टाका, नंतर बघू’ म्हणून मिळेल तो बसतो. इथल्या ‘अ’ आणि ‘ब’ च्या नक्षीतला फरक धरला तरी व्यासात 6.4 मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे एक टक्क्याचा फरक पडतो. एक टायर दुसऱ्यापेक्षा दर किलोमीटरला पाचेक फेऱ्या जास्त फिरतो. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते आणि डाव्या वळणात एक स्वभाव, उजव्यात दुसरा दाखवते. असं झालं असेल तर जोडी पूर्ण होईपर्यंत ट्रॅक डे पुढे ढकलावा. यात तडजोड नाही. स्टेपनी वेगळ्या आकाराची असेल तर तिचं काम फक्त पिटमधून (ट्रॅकलगतच्या गाड्या थांबायच्या जागेतून) बाहेर पडून दुकान गाठण्यापुरतं.

चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत तर पुढच्या-मागच्या व्यासातला फरकसुद्धा गिअर आणि क्लचवर ताण आणतो. तिथे चारही टायर एकसारखे आणि एकसारखे झिजलेलेच हवेत.

दुकानात उभं राहून करून घ्यायची कामं

टायर चढवताना बाजू पाहा. दिशेचा बाण असेल तर बाण, नसेल तर ‘बाहेर’ असा शिक्का. पिवळा ठिपका असेल तर तो टायरची हलकी बाजू दाखवतो, तो व्हॉल्व्हसमोर आणला की बॅलन्सिंगला वजन कमी लागतं. रबरी व्हॉल्व्ह नवे बसवा. काही रुपयांची वस्तू आहे, पण जुना व्हॉल्व्ह वेगात वाकून हवा सोडतो. बॅलन्सिंगची चिकट वजनं रिमच्या आतून लावून त्यांवर कापडी टेप मारा. ब्रेकच्या उष्णतेने गोंद सैल होतो आणि वजन उडालं की स्टिअरिंग थरथरतं; मग लोक टायरला दोष देतात.

चाकांचे बोल्ट दुकानातल्या एअर गनने आवळून सोडू नयेत. हाताने फिरवून बसवायचे, मग टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोराएवढंच आवळणाऱ्या पान्याने), एकाआड एक, 120 न्यूटन-मीटर. धाग्यांना ग्रीस नको. ग्रीस लावला की तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

अलाइनमेंटमध्ये पुढचा टो, म्हणजे चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, शून्याच्या जवळ ठेवला की झालं. पोलोच्या मागच्या ट्विस्ट बीमला (मागची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याला) मूळ रचनेत अॅडजस्टमेंट नाही, पुढचा कॅम्बरही (चाकाचा उभा कलही) नावापुरता हलतो. म्हणजे या गाडीचा तोल साधायला मालकाच्या हातात दोनच गोष्टी उरतात: टायर कुठे बसवले आणि हवा किती ठेवली.

हवा

बंद टायरमधली हवा दर दहा अंशांना दीड पीएसआयच्या आसपास चढते-उतरते. नाशिकच्या जानेवारीतल्या पहाटे बारा अंशांना 32 भरली, तर कोइम्बतूरच्या दुपारी एकतीस अंशांना, गाडी न चालवताही, ती 35 दाखवेल. म्हणून घरून भरलेल्या हवेवर विसंबायचं नाही. स्वतःचा एक चांगला गेज सोबत ठेवायचा आणि शेवटपर्यंत तोच वापरायचा; पेट्रोल पंपावरचे दोन गेज एकमेकांशी जुळत नाहीत. नायट्रोजन भरला तर हरकत नाही, त्यात ओल नसते एवढा फायदा. तापल्यावर दाब त्याचाही चढतोच.

ट्रॅकवर सकाळी, उन्हात न तापलेल्या टायरमध्ये चारही 32. बाहेरच्या खांद्यावर, जिथे नक्षी संपून भिंत सुरू होते तिथे, प्रत्येक टायरला तीन ठिकाणी पांढऱ्या बूट-पॉलिशची आडवी रेघ ओढायची. पहिलं सत्र आटोपशीर: दोन लॅप टायर तापवायला, तीन लॅप मन लावून. मग थेट पिटमध्ये, आणि मिनिटभरात दाब मोजून वहीत लिहायचा. ज्या बाजूची चाकं जास्त वळणांत बाहेर असतात तिथून सुरुवात.

अशा गाडीवर पुढे 40-41 आणि मागे 36 असे आकडे येतात. पुढे आठ-नऊ चढले, मागे चार. पुढची हवा 38 वर उतरवायची, मागची तशीच ठेवायची. रेघ पाहायची: नक्षीच्या कडेपर्यंत पुसली गेली असेल तर ठीक, भिंतीवर खाली उतरली असेल तर टायर पालथा पडतोय आणि हवा दोन पीएसआय वाढवायला हवी. रेघ शाबूत असेल तर हवा जास्त आहे. सुईचा पायरोमीटर मिळाला तर आत, मध्य, बाहेर असं तापमान घ्या. मध्य सगळ्यांत गरम म्हणजे हवा जास्त. बाहेरची कड खूपच गरम म्हणजे हवा कमी, किंवा वळणात शिरायचा वेग जास्त. पिस्तुलासारखा इन्फ्रारेड मापक फक्त वरची कातडी पाहतो, आणि ती पिटपर्यंत येता येता गार झालेली असते.

मागची हवा वाढवून शेपूट मोकळी करायची, म्हणजे तोंड बरं वळतं, ही युक्ती जाणकार वापरतात. पहिल्या ट्रॅक डेला तिच्या वाटेला जाऊ नये.

ट्रॅकवर

प्रत्येक सत्राचे पहिले दोन लॅप, टायर कितीही चांगले असले तरी, वळणात पाय झटकन काढायचा नाही. वेग जास्त झालाय असं वाटलं तर स्टिअरिंग थोडं सरळ करून मग पाय हलका करायचा. शेपूट सुटलीच तर ब्रेक दाबू नये. जिकडे जायचंय तिकडे पाहायचं, स्टिअरिंग त्या बाजूला सोडायचं आणि अॅक्सिलरेटर हळूच द्यायचा, म्हणजे भार पुन्हा मागे जातो. ईएसपी (गाडी घसरू लागली की आपणहून ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) चालूच ठेवायची. तिचा दिवा कुठल्या वळणाला लुकलुकतो ते लक्षात ठेवा. लॅपच्या वेळेपेक्षा ती माहिती मोलाची आहे. दिवा दर वेळी एकाच वळणात, पाय काढतानाच लागत असेल तर सवय चालकाची आहे. गार टायरांवर सगळीकडेच लागत असेल तर मागची पकड कमी आहे.

शेवटचा लॅप सावकाश, ब्रेक कमीत कमी. पिटमध्ये हँडब्रेक ओढायचा नाही, ऑटोमॅटिक गिअरचा दांडा ‘पी’ वर ठेवून चाकाला अडसर लावायचा. रिम हाताला गार लागले की बोल्ट पुन्हा 120 वर तपासायचे. टायरवरून तळहात फिरवा: रबराची बारीक गुंडाळलेली रेघ दिसली तर ते नेहमीचं, खड्डा, फोड किंवा गोटीच्या मुळाशी चीर दिसली तर तो टायर त्या दिवसापुरता संपला.

विम्याचंही आधीच पाहून घ्या. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणीसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर गाडी ठोकली तर दुरुस्ती आणि नाशिकपर्यंत गाडी उचलून आणण्याचा खर्च स्वतःचा धरूनच जावं.

परतीचा प्रवास आणि पुढे

इथे एक सापळा आहे, आणि त्यात भलेभले अडकतात. दिवसभर तापलेल्या टायरांतून हवा सोडत 38 वर आणली. रात्री टायर गार झाले की पुढे 29 च्या आसपास उरतात. सकाळी बॅगा, हेल्मेट, अवजारं आणि दोन माणसं घेऊन तीच गाडी चौदाशे किलोमीटर महामार्गावर निघते. कमी हवेत भिंती वाकत राहतात, आतून तापतात, आणि ट्रॅकवर टिकलेला टायर घरी येताना फुटतो. निघण्यापूर्वी, टायर गार असतानाच, पेट्रोलच्या झाकणामागच्या स्टिकरवरच्या भरल्या गाडीच्या आकड्यावर हवा आणायची. परतल्यावर बॅलन्सिंग पुन्हा करून घ्यायचं.

एका ट्रॅक डेनंतर या गाडीवर पुढे 6.4 मिमी आणि मागे 7.5 मिमी नक्षी उरणं स्वाभाविक आहे. दहा हजार किलोमीटरला टायर आलटून-पालटून लावायची दुकानांची रीत आहे. आता चारही एकाच जातीचे असल्याने ती पाळायला हरकत नाही, पण वेळ निवडावी. पालट केली की कमी नक्षीचे टायर मागे जातात, आणि पावसात पाण्यावर आधी तेच तरंगतात. इगतपुरी-कसारा पट्ट्यात जून ते सप्टेंबर जी पाण्याची चादर रस्त्यावर असते, तिच्यावर मागची जोडी नेहमी जास्त खोल नक्षीची हवी. म्हणून ऑक्टोबरनंतर पालट करायची, मेअखेर जास्त नक्षीची जोडी पुन्हा मागे आणायची.

उरलेली ‘अ’ ची जोडी फेकायची नाही, पण ट्रॅकवरही न्यायची नाही. साइडवॉलला चिरा नसतील तर ती जोडीनेच, शहरातल्या शांत वापराच्या गाडीला, पुढे लावता येते. 2120 चा शिक्का घेणाऱ्याला दाखवूनच ती द्यावी.